द्राक्षमळ्यातली दुसरी सकाळ

गेल्या हंगामातली गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. दिवस कलला की आमच्या वावरात धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगतात, बाया आपापली गाठोडी घेऊन त्याच्याखाली जमतात आणि मी वही घेऊन बसते. एकीचं गाठोडं लागतं, आकडा थरथरून थांबतो, मी लिहून घेते, पुढची येते. कापसाच्या धुळीनं नाक हुळहुळत असतं, बायांनी साडीवर चढवलेल्या नवऱ्यांच्या जुन्या शर्टांना पऱ्हाटीचा वाळला पाला चिकटलेला असतो आणि सगळ्यांची नजर काट्यावर. त्या दिवशी बुढी शेवटी आली. तिचं गाठोडं लागलं आणि काटा नवावर थांबला. नऊ किलो. ती कामावर आलीच होती दुपारची जेवणं झाल्यावर. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही कामानं गावात गेल्या होत्या, तिथून येताना तिला सोबत घेऊन आल्या. मी वहीत नऊ लिहिले. दर किलोला दहा रुपये, म्हणजे नव्वद झाले. पैशाची पिशवी आईंकडे असते. त्यांनी पिशवीतून अडीचशे काढले, सगळ्यांच्या समोर बुढीच्या हातावर मोजून ठेवले आणि मला म्हणाल्या, "किलो हायेत तेच लिही. पुढं 'रोज' असं लिही." अडीचशे हा आमच्याकडे त्या वर्षी बाईच्या निंदणाच्या पूर्ण दिवसाचा रोज होता.

बुढीनं नोटा पदराच्या गाठीत बांधल्या. "उद्या येऊ का?" एवढंच विचारलं. आई म्हणाल्या, "ये."

गाठोडं आवळत उभी असलेली एक तरुण बाई तिथंच थांबली. त्या दिवशी सगळ्यात जास्त कापूस तिनं वेचला होता, शेचाळीस किलो. हिशोबाला ती पक्की आहे, माझ्या आधी तिची बेरीज तयार असते. म्हणाली, "मावशी, बुढीले किलोले सत्तावीस पडले. मले सत्तावीसनं मोजा, माह्ये बाराशे होतात." आवाजात भांडण नव्हतं, पण सगळ्या बाया गप्प झाल्या. आईंनी पिशवीचं तोंड बांधलं. "तुह्यासंगं दहाचं बोलणं झालं होतं ना?" "हाव." "दहानं देल्ले ना?" "देल्ले." "मंग?" त्यावर ती काही बोलली नाही. सगळ्या ऑटोत बसून गेल्या. मी मात्र वही मिटून बराच वेळ तिथंच बसले, कारण हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ करून म्हणूनही दाखवलं होतं. येशूनं सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, द्राक्षमळ्याचा धनी कुरकुरणाऱ्या कामकऱ्याला हेच विचारतो, की तू माझ्याशी एक दिनार ठरवला होतास ना? आई शास्त्रातलं सांगायचं म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांना तेच उत्तर सुचलं, इतकंच.

बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला हा दाखला कोणत्याही ख्रिस्ती घरात नवा नाही. धनी पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो. पुन्हा तिसऱ्या ताशी जातो, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या. सूर्य उगवल्यापासून तास मोजायची त्यांची पद्धत, म्हणजे अकरावा तास हा आपला संध्याकाळचा पाचचा सुमार. संध्याकाळी सगळ्यांना सारखा एकेक दिनार, आणि दिनार ही त्या काळची मजुराची एका दिवसाची कमाई. प्रवचनांत मी ऐकलं ते असं, की ही देवाची कृपा, ती कामावर मोजून मिळत नाही. ते खरंच आहे. पण कृपेबद्दल ऐकताना मी बाकावर बसलेली असते, अंगावर धुतलेलं पातळ असतं, आणि त्या मळ्यात मी मनानं कुठं उभी असते ते कधी तपासावं लागत नाही. काट्यापाशी ते तपासावं लागलं. मी पहाटे आलेल्यांच्या रांगेत उभी होते. मला त्या तरुण बाईचं म्हणणं पटत होतं.

का पटू नये? कापूस वेचणं लांबून पाहणाऱ्याला पांढरंशुभ्र, मऊ काम वाटतं. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. पाच बोटं आत घालून एका ओढीत कापूस निघाला पाहिजे, कवडी मागं राहता कामा नये. दिवसभरात ही ओढ हजारो वेळा. नखांच्या कडा फाटतात, बाया बोटांना चिंध्या गुंडाळतात, आणि रात्री भाकरीसोबत ठेचा खाताना त्याच बोटांची आग होते. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा पाठीवर ताण येतो. शेचाळीस किलो वेचणारी बाई सकाळी साडेसातला तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, शिरते आणि पाणी प्यायलाही पूर्ण सरळ होत नाही. घरी दोन पोरं आणि खाटेवर पडलेला सासरा. तिच्या चारशे साठ रुपयांतला एकेक रुपया तिच्या बोटांतून आलेला असतो. तिच्यासमोर कोणी किलोचे सत्तावीस घेतले, तर तिनं हिशोब मांडू नये असं म्हणणारी मी कोण?

आणि तरी बुढी दुपारपर्यंत गावात का बसून होती, हेही मला माहीत आहे. आमच्याकडे निंदण बरेचदा गुत्त्यानं जातं. दहा-बारा बायांची टोळी एकराचं ठरवून घेते आणि पैसे सारखे वाटते. ज्या टोळीत हात मंद असतो तिथं सगळ्यांच्या वाटणीला कमी येतं, म्हणून टोळी म्हाताऱ्या बाईला घेत नाही. त्यांचंही चुकत नाही, त्यांना त्यावरच पोट भरायचं असतं. वेचणी किलोवर असते, तिथं मंद हातानं दुसरीचं काही जात नाही. पण बाया न्यायला ऑटो लागतो, ऑटोवाला माणशी पैसे घेतो, मग शेतकरी म्हणतो, नऊ किलोवालीसाठी सीटचे पैसे काय म्हणून भरू? तेव्हा सकाळी पारापाशी ऑटो येतात, पोरी-सुना भरून जातात, आणि तीन-चार जणी विळा-फडकं घेऊन तिथंच उरतात. दहा वाजतात, अकरा वाजतात. लगेच घरी जात नाहीत, कारण घरी गेलं की दिवस गेला हे नक्की होतं. दाखल्यातला धनी पाच वाजता विचारतो, तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. शब्बाथ शाळेत आम्ही हे वाक्य एका दमात म्हणून टाकायचो. त्यात एक पूर्ण दिवस बसलेला आहे, हे पारावरच्या त्या बायांकडे पाहिल्यावर कळतं.

रात्री चुलीपाशी मी आईंना म्हटलं, की द्यायचेच होते तर तिला मागून द्यायचे, घरी बोलावून. उगीच सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. आई पऱ्हाटीच्या काड्या मोडून चुलीत सारत होत्या. म्हणाल्या, "लपून देल्ले का थे भीक होते. काट्यापाशी देल्ले का मजुरी होते."

ह्या वाक्याशी मी किती तरी दिवस झोंबत होते. मग एका रात्री अध्याय पुन्हा काढून वाचला आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट दिसली. धनी कारभाऱ्याला सांगतो, की मजुरी देताना शेवटच्यांपासून सुरुवात कर आणि पहिल्यांपर्यंत ये. हा क्रम उलटा असता तर काहीच झालं नसतं. पहाटेचे लोक आपला दिनार घेऊन समाधानानं घरी गेले असते, मागच्यांना काय मिळालं ते त्यांना कळलंही नसतं. एवढी सोपी सोय होती आणि धन्यानं ती टाळली. पहिल्यांनी पाहावं असंच त्याला हवं होतं. त्याला नुसतं पाच वाजता आलेल्यांचं पोट भरायचं नव्हतं, सगळ्यांच्या देखत त्यांना कामकरी म्हणून उभं करायचं होतं. आणि पहिल्यांना राग येईल हे ठाऊक असूनही त्यांना त्या रागासकट तिथं उभं ठेवायचं होतं. आईंनी हे कुठं वाचलं म्हणावं, तर त्यांचं वाचन चष्म्याअभावी कधीच सुटलंय.

सासरे असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांची सगळी तरुण वर्षं यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, बागकामात गेली. १९५३ ला सुरू झालेली ती सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हा ते कायमचे वावराकडे परतले. ते सांगायचे, की देशभरातून आलेली पोरं प्रवचनाचा सराव करायला बागेत यायची. ऐकायला कोणी नसलं की खुरपं घेऊन बसलेले सासरे त्यांची मंडळी व्हायचे. पेरणाऱ्याचा दाखला त्यांनी म्हणे इतक्या पोरांकडून ऐकला की कोणता कुठं अडखळणार हे त्यांना आधी कळायचं. पण त्यांना स्वतःला तो पेरणारा फारसा पटायचा नाही. बी वाटेवर पडतं, खडकावर पडतं, काट्यांत पडतं, हे कसलं पेरणं? आमच्याकडे सरकी दोरीवर माप धरून टोबतात, एकेका जागी मोजून दोन बिया, पाकीट महाग म्हणून. मृगाचा पाऊस दगा देऊन गेला आणि उगवलेलं करपलं की उधारीवर पाकीट आणून दुबार पेरणी. सासरे म्हणायचे, की आम्हाला तो दाखला पेरणीचा कळला नाही, दुबार पेरणीचा कळला. पहिलं बी गेलं तरी दुसरं आणायला जो उठतो, त्याच्यात काही तरी आहे. एवढं बोलून ते थांबायचे. मला आता वाटतं, की त्या बागेत सगळ्यात जास्त शिकलेले तेच होते.

बायबलातल्या रूथच्या गोष्टीतही आईंचं तेच, भीक न करता देणं, आहे, आणि ती तर आमच्या लग्नातच पाळकसाहेबांनी सांगितली होती. सासू-सुनेची गोष्ट म्हणून लग्नात ती बरेचदा घेतात, तुझे लोक ते माझे लोक हे वचन आलं की दोन्हीकडच्या बाया डोळे पुसतात. मला मात्र आता त्यातलं पुढचं आठवतं. परमुलखातली ती विधवा जवाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, तिला रागावू नका. तो तिला पोतं भरून घरी पाठवू शकला असता. तसं न करता तिच्या वाकण्याला, तिच्या बोटांना काम ठेवलं, आणि संध्याकाळी तिनं स्वतः झोडपून एफाभर, म्हणजे त्या काळचं एक मोठं माप भरून, जव सासूसमोर नेऊन ठेवले. आई बुढीला घरी बसवून पैसे देऊ शकल्या असत्या. त्यांनी तिला तास दिलं, ओटी बांधायला फडकं दिलं आणि काट्यापाशी तिच्या नावानं आकडा लिहायला लावला. नऊ तर नऊ.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आला त्यात ती तरुण बाई नव्हती. तिच्या सोबतच्या चौघीही नव्हत्या. पलीकडच्या शिवारात एका मोठ्या शेतकऱ्यानं किलोमागं एक रुपया वाढवला होता, तिकडं गेल्या. बुढी आली होती, वेळेवर, सगळ्यांच्या आधी. तिनं त्या दिवशी चौदा किलो वेचला. पण चौदा किलोनं वावर आवरत नाही. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, खालच्या तासांत जमिनीला टेकत होता. आम्ही घरचे सगळे जुंपलो, रविवारी मात्र आईंनी वावर उघडू दिलं नाही, आणि डिसेंबर सरता सरता अवकाळी आला. एक रात्र आणि अर्धा दिवस. भिजलेला कापूस उन्हात वाळतो, पण त्याचा पिवळटपणा जात नाही, आणि व्यापाऱ्याचा हात पोत्यात गेला की त्याला तो बरोबर लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या, २०२४-२५ च्या, हंगामात क्विंटलला ७५२१ रुपये होता. आमच्याकडची खेडा खरेदी, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतात ती, एरवीच त्याच्या खाली, पिवळ्या कापसाला तर आणखी पाडून मागतात. दहाच्या दरानं क्विंटलला हजार रुपये वेचणीतच जातात, खत-फवारणी वेगळी. नवऱ्यानं रात्री हिशोब केला आणि वही माझ्याकडे सरकवली. बोलला काही नाही. आईही बोलल्या नाहीत. बुढीला मात्र त्या पूर्ण दिवसाचा रोज देत राहिल्या, दिवस मावळायच्या आत, आठवडी बाजाराची वाट न पाहता. मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला आहे, हे बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातलं सासऱ्यांनी घरात लावलेलं वळण.

दाखल्यात ही दुसरी सकाळ नाही. मी तेच शोधत होते. तो धनी पुन्हा पहाटे बाजारात गेला तेव्हा काय झालं? पहिले मजूर आले का? की म्हणाले, आपणही पाचलाच जाऊ, दिनार तर ठरलेलाच आहे? वेलींवरची द्राक्षं थांबत नाहीत, पिकली की तोडावी लागतात, म्हणून तर तो माणूस दिवसातून पाच वेळा बाजारात धावत होता. त्याच्या औदार्याची किंमत त्याला मळ्यात मोजावी लागली असेल की नाही? पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, दाखल्याला एकच बोट असतं, ते जिकडं दाखवतं तिकडंच पाहावं. त्यांचा अभ्यास मोठा आहे, पण त्या उत्तरानं माझी भूक भागली नाही.

मग मी अध्यायाच्या मागचं-पुढचं वाचलं. मागच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, तर आम्हाला काय मिळेल? हा दाखला त्याला दिलेल्या उत्तरातच येतो. म्हणजे पहाटे आलेल्या मजुराला काट्यापाशी थांबवून सांगितलेली ही गोष्ट आहे. चारशे साठवालीला सांगितलेली. मला सांगितलेली. आणि दाखला संपताच पुढचं वचन असं, की येशू यरुशलेमेस चालले होते, आणि वाटेत बारा शिष्यांना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की तिथं मला धरून देतील, मारतील आणि तिसऱ्या दिवशी मी उठेन. मी ते वचन बोटाखाली धरून बसून राहिले. धन्याच्या दुसऱ्या सकाळचं मी जे विचारत होते ते तिथंच लिहिलेलं होतं. शेवटच्याला पूर्ण दिनार देणाऱ्याला त्याची किंमत पडते, आणि ती तो स्वतः भरतो. आमच्या पिवळ्या पडलेल्या कापसाची त्या वाटेशी बरोबरी करायची माझी प्राज्ञा नाही. पण ते वचन वाचल्यापासून त्या कापसाचं मला वाईट वाटतं तेव्हा त्यात कडवटपणा उरत नाही.

त्या तरुण बाईचं काय, हे मात्र त्यानं सुटलं नव्हतं. ती यंदा भेटली ती दिवाळीनंतरच्या बाजारात. आजूबाजूच्या वावरांत सीतादही होऊन गेलं होतं, पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवून बायांनी वेचणीला हात लावला होता. आमच्याकडे आई पहिल्या तासाशी उभं राहून प्रार्थना करतात. वेचणाऱ्या बाया आपला दहीभात धुऱ्यावर ठेवतात आणि प्रार्थना संपेपर्यंत डोक्यावर पदर घेऊन थांबतात. कोणी कोणाला काही म्हणत नाही. ती वांगी निवडत होती. मला पाहून सरकली नाही, उलट जागा करून दिली. "यंदा पैसे मावशीच वाटते का?" "नाही, मी. आईंचे गुडघे धरलेत, वावरात येववत नाही." "अन् बुढीले?" मी म्हटलं, तिला रोजच. यंदा आधीच सांगणार आहे, पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या समोर.

ती थोडा वेळ वांगी चाचपत राहिली. मग म्हणाली, "मले बुढीचा राग नव्हता आला, ताई. मी पाहत होती, मी बुढी होईन तवा मले कोण देईन? मावशी काय तवा राहीन?" मी म्हटलं, "मी असेन." तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तं माह्यापेक्षा मोठ्या हा." मग मलाच शब्द सुचेना. पोरीला शिकवून ठेवीन, असं काहीसं मी बोलले. ते तिला पटलं की नाही कोण जाणे. तिनं वांग्यांचे पैसे दिले, पिशवी खांद्याला लावली आणि कामाचं बोलायला लागली. दर किती? मी बारा म्हटलं. तिकडं तेरा देते, म्हणाली. २०२५-२६ चा हमीभाव ८११० झालाय हेही तिला माहीत होतं. मी तेरा कबूल केले. "मंग सोमवारी येतो, दोघी-तिघी घेऊन. ऑटो सहालेच पाठवा." सहाला म्हणजे दव असताना. दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. शेतकरी ऊन चढल्याशिवाय तासात हात लावू देत नाहीत ते त्यासाठीच. मी म्हटलं, सहाला पाठवते.